दोन चमचे कमी: अंगावरून डब्यावर आलेल्या एका बाळाचं प्रकरण

चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी आणलेली मुलगी काट्यावर ठेवली आणि आकडा ४ किलो ४५० ग्रॅमवर थांबला. दहाव्या आठवड्याच्या लसीच्या दिवशी त्याच कार्डावर ४ किलो ३०० लिहिलेलं होतं. अठ्ठावीस दिवसांत दीडशे ग्रॅम. या वयाचं बाळ रोज साधारण वीस ते तीस ग्रॅमनी भरतं, म्हणजे एव्हाना सहाशेच्या आसपास ग्रॅम वाढायला हवे होते. नर्सने तिला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. आकडा तोच. कार्डावरच्या आलेखात तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरला होता.

आजी शेजारीच उभी होती. म्हणाली, "पिते तर भरपूर हो. बाटली संपली की पुन्हा तोंड करती. लंगोट तर किती बदलायचे, दिवसभर दोरी भरलेली असती."

तिला हे सांगताना बरं वाटत होतं, पण मला ते ऐकून धस्स झालं. दूध पोटभर जातंय, शू भरपूर होतेय, बाळ सारखं भुकेलं आहे आणि वजन मात्र जागचं हलत नाही. या गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय दुधाच्या पातळपणावर घ्यायचा.

मी इचलकरंजीत एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, वजनं आणि मापं तशीच ठेवलीत.

आजीला विचारलं, "दूध कसं करता, मला एकदा करून दाखवता का?" कसं करता हे नुसतं तोंडी विचारलं तर प्रत्येक घरातून 'डब्यावर लिहिलंय तसंच' हेच उत्तर येतं, म्हणून मी नेहमी करूनच बघते. पिशवीत पावडरचा डबा, बाटली आणि थर्मास होताच. आजीने हात धुतले. थर्मासमधलं कोमट पाणी बाटलीत ओतलं, बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून १२० मिलीच्या खुणेला अगदी नेमकं आणलं. डब्यातला चमचा भरला, डब्याच्या काठावर घासून सपाट केला, टाकला. दुसरा भरला, सपाट केला, टाकला. मग डब्याचं झाकण लावलं, काठावर सांडलेली भुकटी पदराने पुसली आणि बाटली हलवायला घेतली.

दोनच चमचे.

बाटली मी उजेडाकडे धरली. ताकावर निवळी येते ना, तसा त्या दुधाचा रंग होता. पलीकडच्या बाजूचे मिलीचे आकडे दुधातून वाचता येत होते. त्यांच्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं छापलेलं होतं. १२० मिलीला चार. बाळ गेले तीन आठवडे अर्ध्या ताकदीचं दूध पीत होतं. आजीचे हात स्वच्छ होते, माप नेमकं होतं, बाटली उकळलेली होती. चुकला होता तो फक्त चमच्यांचा आकडा.

"दोनच का, आजी?"

"जड असतंय की ते. एवढ्याशा पोटाला कसं पचायचं? हिच्या बापाला गाईचं दूध दिलं तेबी निम्मं पाणी घालूनच. तवा डॉक्टरांनीच सांगितलेलं." मग डब्याकडे बघत जरा हळू आवाजात, "आणि चार घातले की डबा चार दिवसांत संपतोय ताई."

ही दोन्ही कारणं मला खरी वाटली आणि आजही वाटतात. पहिल्याच्या मागे एक अख्खी पिढी उभी आहे. वरचं दूध म्हणजे गाई-म्हशीचं, आणि ते पाणी घालून पातळ करून बोंडल्याने पाजायचं, ही आपल्या घरांतली जुनी रीत. गाईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार आईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात, म्हणून त्या काळी डॉक्टरही पाणी घालायला सांगत. डब्यातली पावडर मात्र कारखान्यातच बाळाच्या मापाने बेतलेली असते. तिच्यात सांगितलंय तेवढंच पाणी घातलं की ते 'पातळ' करून झालेलंच असतं. हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने जुन्या शहाणपणाने नवीन वस्तू वापरली. नातीच्या काळजीपोटीच वापरली.

दुसऱ्या कारणाचा हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. साडेचार किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे दीडशे मिली धरलं तर पावणेसातशे मिलीच्या आसपास दूध लागतं. म्हणजे बावीस-तेवीस चमचे, शंभर ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपणारच, त्यात आजीची उधळपट्टी काहीच नव्हती. महिन्याला सात-आठ डबे, तीन हजारांच्या वर. बाळाच्या आईचा पगार नऊ हजार. तिसरा हिस्सा डब्यात जात होता, आणि आजीने तो दीड हजारावर आणून ठेवला होता.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. टाळू, त्वचा, हालचाल ठीक होती. नजर लावत होती, हसत होती. तरी रक्तातलं सोडियम बघितलं, कारण पातळ दुधाचा धोका वजनापुरता नसतो. एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकू शकत नाहीत. मग रक्तातलं मीठ उतरत जातं, बाळ सुस्तावतं आणि प्रमाणाबाहेर गेलं तर आकडी येते. हिचं सोडियम खालच्या मर्यादेला टेकलेलं होतं, पण मर्यादेत होतं. भरती करावं लागलं नाही. थोड्या दिवसांचं अंतर होतं, एवढंच मी म्हणेन.

हे सगळं चालू असताना बाळाची आई दुकानात होती. दुपारी सुट्टी घेऊन आली. मी तिला काय झालं ते समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती, आणि मग म्हणाली, "ताई, मी तुम्हाला विचारलं होतं."

विचारलं होतं. मला आठवलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ उभी होते. बाळाने स्तन नीट तोंडात कसा धरावा, ओठ कसे उलटे फाकलेले हवेत, खालचा काळा भाग कसा जास्तीत जास्त आत जायला हवा, सगळं दाखवलं होतं. सहा महिने निव्वळ अंगावरचं, हेही सांगितलं होतं. तेव्हा तिने विचारलं होतं, "दोन-अडीच महिन्यांनी मला कामावर जावं लागेल, तर पावडर कशी करायची असती?" आणि मी म्हणाले होते, "आत्तापासून तो विचार मनात आणू नकोस. दूध कमी होतं त्याने." मोठ्या प्रेमाने म्हणाले होते. उत्तर दिलं नव्हतं.

या प्रकरणाची सुरुवात मी तिथून धरते.

ती साडीच्या दुकानात कामाला आहे. सहा बायका, मालक, त्याचा मुलगा. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पण दुकानाला ही रजा लागू होण्यासाठी दहा माणसं कामाला असावी लागतात. तिच्या मालकाने दहा आठवडे जागा राखून ठेवली, बिनपगारी, आणि हे त्याच्या दृष्टीने उपकारच होते. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेतून मिळणारे ५००० रुपये म्हणजे अकरा-बारा डब्यांचे पैसे. नवरा यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तिने कामावर जायचं की नाही हा प्रश्नच घरात कधी निघाला नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता.

दहाव्या आठवड्याची लस झाली आणि पुढच्या सोमवारी ती कामावर गेली. रविवारी रात्रीपर्यंत बाळ पूर्ण अंगावर पीत होतं, दिवसरात्र मिळून नऊ-दहा वेळा. सोमवारी सकाळी साडेनऊला पाजून ती निघाली ती रात्री आठला परतली. मधले साडेदहा तास दूध काढलं नाही, कारण काढायचं असतं हे ठाऊक नव्हतं आणि दुकानात तशी जागाही नव्हती. दुपारी तीनला गिऱ्हाईकाला पैठणी उलगडून दाखवताना पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला. तिने खांद्यावर पदर घेतला आणि तशीच उभी राहिली. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली.

मंगळवारी छाती दगडासारखी. बुधवारी डाव्या बाजूला लाल चट्टा, हात लावू देईना. शेजारच्या कोणीतरी सांगितलं, दूध तोडायचं तर घट्ट बांधून ठेव. जुन्या सुती साडीची पट्टी करून बांधली. गुरुवारी थंडी वाजून १०२ ताप. एका दवाखान्यातून प्रतिजैविकं मिळाली आणि घरी परतल्यावर सगळ्यांनी ठरवलं की औषधं चालू आहेत तर बाळाला पाजायचं नाही.

बांधून ठेवल्याने दूध साठतं आणि सूज वाढते. अशा सुजेवर देतात ती बहुतेक प्रतिजैविकं बाळाला अंगावर पाजताना चालतात, आणि दुखऱ्या बाजूचं दूध बाळाला अपाय करत नाही. पाजत राहणं हाच त्यावरचा मोठा उतारा असतो. बाळाने ओढलं असतं तर गाठ मोकळी व्हायला मदत झाली असती. पण त्या गुरुवारी तिला हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं, आणि माझ्याकडे ती येणार तरी कशी? मी तर तो विचारच मनात आणू नकोस म्हणाले होते.

पाच दिवसांत बाळ नऊ वेळच्या अंगावरच्या दुधावरून शून्यावर आलं. पहिला डबा बापाने आणला, वरचं वाचून बरोबर चार चमच्यांनी दूध करायला सुरुवात केली. तो डबा पाचव्या दिवशी संपला. त्याची रातपाळी लागली, दूध करायचं काम आजीकडे आलं, आणि दुसऱ्या डब्यापासून दोन चमचे झाले.

अंगावरून डब्यावर आणणं कामावर जायच्या दोन आठवडे आधीच हळूहळू सुरू केलं असतं तर कसं झालं असतं, ते मी तिला पुढे सांगितलं, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल म्हणून. दिवसातलं एकच पाजणं आधी सोडायचं, बहुधा दुपारचं, कारण दुपारनंतर दूध तसंही थोडं कमी उतरतं. त्या वेळी वाटी-चमच्याने वरचं द्यायचं, तेही आजीने, कारण आईच्या कुशीत अंगाचा वास असताना बाळ दुसरं काही तोंडात घेत नाही. छाती जड झाली तर हाताने थोडं काढायचं, हलकं वाटेल इतपतच. पूर्ण रिकामं केलं तर शरीर समजतं की मागणी आहे, आणि तेवढं पुन्हा बनवतं. चार-पाच दिवसांनी दुसरं पाजणं सोडायचं. पहाटेचं आणि रात्रीचं शेवटपर्यंत ठेवायचं. ही दोन पाजणी वर्षभर टिकवणाऱ्या कितीतरी कामकरी बाया मी पाहिल्यात. डबा आणि अंगावरचं ही दोन घरं एकाच वेळी चालू शकतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या समजुतीत एक तर हे नाही तर ते.

चौदाव्या आठवड्याला तिचं दूध जवळजवळ आटलं होतं. ते परत आणता येतं. बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा छातीशी लावायचं, मध्ये हाताने काढायचं, काही आठवडे चिकाटी ठेवायची. मी तिला हे सांगितलं, आग्रहाची एक छटा आवाजात होती हे नाकारत नाही. तिने दोन दिवस मागून घेतले. मग फोनवर म्हणाली, "ताई, रात्री नऊला जेवते, पाचला उठते. मला जमणार नाही. आणि मला त्या गाठीची भीती बसलीय." मी ठीक आहे म्हणाले. त्या क्षणी मनातून ठीक वाटत नव्हतं. पण तिच्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता, आणि निर्णय तिचा होता. आता माझं काम एकच होतं, हा डबा नीट चालवायचा.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. तिथे मला कळलं की दवाखान्यात बसून दिलेला सल्ला किती अर्धा असतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पिंपात साठवतात, तेच पिण्याला. आजी ते सकाळी एकदा उकळायची, थर्मासमध्ये भरायची आणि दिवसभर वापरायची. दुपारपर्यंत ते कोमट व्हायचं. पावडरचा डबा बंद असला तरी ती पावडर निर्जंतुक नसते, त्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि कोमट पाण्यात ते मरत नाहीत, वाढतात. जागतिक आरोग्य संघटना पाणी किमान ७० अंश गरम असावं म्हणते ते याचसाठी. घरात तापमापक कोणाकडे असतो? म्हणून आम्ही असं ठरवलं: प्रत्येक वेळी लागेल तेवढंच पाणी उकळायचं, झाकून ठेवायचं, अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. भांडं गार पाण्याच्या वाटग्यात धरून निववायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं, आणि बाळाने उष्टं ठेवलेलं लगेच टाकायचं.

या शेवटच्यावर आजी अडली. साडेचारशे रुपयांच्या डब्यातलं दूध मोरीत ओतायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. मग आम्ही दूध करायचं मापच कमी केलं. एका वेळी ९० मिली, तीन चमचे. संपलं आणि हवं असेल तर पुन्हा ३० मिली, एक चमचा. टाकायची वेळ कमी येते.

बाटलीही काढून टाकली. पाणीटंचाईच्या घरात बाटलीचं बूच, तिचा गळा, कोपरे घासून रोज सहा-सात वेळा उकळणं होत नाही, आणि वाटी-चमचा होतो. आजीने फडताळातून पितळी बोंडलं काढलं, मुलाच्या वेळचं. मी ते हातात घेऊन बघितलं. चोचीत आत हात जात नाही, आत मळ साचलेला होता. ते परत ठेवायला लावलं, तिला वाईट वाटलं. स्टीलची वाटी घेतली.

चमच्यांची भीती घालवायला मात्र वेळ गेला. घट्ट दूध सुरू झालं तसं बाळाची शी बदलली, पिवळी सैल होती ती जरा घट्ट आणि गडद झाली. आजीचा फोन आला, "बघा, जड झालं." डब्याच्या दुधावर शी अशीच होते, आणि बाळ कुंथत नसेल, खडे होत नसतील तर काळजी नाही, हे मी तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पटलं.

सोळाव्या आठवड्याला ४ किलो ९१०. चौदा दिवसांत ४६० ग्रॅम, मागच्या अठ्ठावीस दिवसांच्या तिप्पट. अठराव्याला ५ किलो ३५०. ठिपका पुन्हा हिरव्या पट्ट्यात आला. दुसरं काहीही बदललं नव्हतं, औषध नाही, टॉनिक नाही. फक्त चार चमचे, ताजं उकळलेलं पाणी आणि बाटलीऐवजी वाटी.

आता माझ्या बाजूचं. बाळाच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने, बाटल्यांची भलामण यांवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. मी त्या कायद्याच्या पूर्ण बाजूची आहे. प्रसूतीच्या खोलीत डब्याचं कॅलेंडर टांगलेलं मला चालणार नाही. पण त्या कडकपणाच्या आडून आमच्यासारख्या लोकांमध्ये एक सवय शिरलीय: डब्याचा विषय निघाला की मान फिरवायची. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने जी संहिता मंजूर केली, जिच्यावरून आपला कायदा बेतला, तिच्यातच म्हटलंय की ज्या आईला पावडरचं दूध द्यावंच लागणार आहे तिला ते कसं करायचं हे आरोग्य कर्मचाऱ्याने दाखवावं, आणि चुकीच्या वापराचे धोकेही सांगावेत. म्हणजे तिसऱ्या दिवशी खाटेजवळ तिने जे विचारलं त्याचं उत्तर देणं हे माझं कामच होतं. प्रचार नको म्हणून शिकवणही बंद केली, आणि ती शिकवण मग शेजारणीकडून, औषधाच्या दुकानातून, तीस वर्षांपूर्वीच्या गाईच्या दुधावरून मिळत राहिली.

आता आमच्याकडे घरी सोडण्याच्या आधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारते: कामावर कधी जावं लागेल? जी सहा महिन्यांच्या आतली तारीख सांगते तिच्याबरोबर आणि घरात दूध करणाऱ्या माणसाबरोबर मी वेगळी बसते. आधी हाताने दूध कसं काढायचं, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात फ्रिजमध्ये चोवीस तास कसं ठेवायचं ते. आणि तेही जमणार नसेल तर डबा, पाणी आणि चमचा समोर ठेवून. दूध करणाऱ्या माणसाने माझ्यासमोर एकदा करून दाखवायचं, हा नियम आहे.

मुलगी आता सहा महिन्यांची झाली. वजन ६ किलो ३००. मऊ भात-वरण कालवून सुरू केलंय, आजी त्यात तूप घालते. दुकानातल्या त्या सहा बायकांपैकी आणखी एकीला सातवा महिना लागलाय. बाळाची आई तिला आणि तिच्या सासूला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे घेऊन येणार आहे. डबा घेऊन येऊ का, म्हणून काल तिचा फोन होता. मी म्हटलं, आण, आणि येताना रिकामा स्टीलचा डबाही आण, दूध काढून ठेवायचं ते आधी दाखवते.